अडकली न्हाई, चालून राह्यली

आमच्याकडे भासरे घरात शिरताना खाकरतात. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. धाकट्या भावजयीनं त्यांच्यासमोर यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, नाव घेण्याची तर बातच सोडा. म्हणून ते ओट्यावरूनच घसा साफ करतात आणि आतली बाई पदर सावरत मागच्या खोलीत पळते. माझ्या वेळी सगळ्या परतुरात हीच रीत होती. आमचे भासरे मात्र खाकरत नसत. ते उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "हॅलो! हॅलो! माईक टेस्टिंग!"

लग्न होऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी हे ऐकलं. मला वाटलं दारात कुणाची सभा भरली. मी आपली खिडकीतून मंडप शोधते आहे, तर जाऊबाई मागून ओरडल्या, "पळ न धाकले! उभी काय राह्यली? तुझे भासरे आलेत!" जाऊबाईंना मी अक्का म्हणायचे. त्या मला आजही धाकलीच म्हणतात. माझं खरं नाव त्यांना आठवतं की नाही, देव जाणे.

भासऱ्यांचा धंदा लाऊडस्पीकरचा. लग्न असो, सप्ताह असो, गणपती असो की मतं मागणाऱ्यांची सभा, झाडावर चढून कर्णे बांधायचे ते आमच्या घरचेच. गाव त्यांना हॅलोभाऊ म्हणायचं. गंमत अशी, की हा माणूस गावभर आवाज पुरवायचा, पण स्वतः बोलला तर शेजारच्याला ऐकू जाईल तर शपथ! त्या एका 'हॅलो'पुरता काय तो आवाज चढायचा. बाकी सगळं पुटपुटणं. आमचे हे, म्हणजे माझे मिस्टर, म्हणायचे, "दादाचा सगळा आवाज कर्ण्यायनीच खाऊन टाकला."

माझ्याशी तर त्यांना बोलायचंच नव्हतं. मग त्यांनी बाहेरच्या खोलीतला खांब गाठला. खांबाकडं तोंड करून म्हणायचे, "कोणी असलं आत, तर चहा व्हईल का म्हणावं." मी आतून तोंडानं 'हो' म्हणायची सोय नाही. मी पातेल्यावरचं झाकण वाजवायची. झाकण वाजलं म्हणजे चहा होतोय. नाही वाजलं म्हणजे दूध संपलं, मुकाट बसा. अक्का कपाळाला हात लावायच्या. "बाई बाई, हे काय घर हाय का तारऑफिस?"

तर अशा घरात एक दिवस जर्मन आलं.

त्याचं असं झालं. गावाबाहेर सूतगिरणी उभी राहत होती. तिथल्या मशिनी बसवायला एक जर्मन मिस्त्री आला होता, आणि त्याचं बोलणं समजावून सांगायला पुण्याचा एक इंजिनिअर. मशिनीच्या पूजेला भासऱ्यांचे कर्णे होते. वैशाखाचं ऊन, तो गोरा माणूस उकडलेल्या रताळ्यासारखा झालेला. सगळ्या मांडवात पंखा एकच, तोही भासऱ्यांनी आपला अँप्लिफायर तापू नये म्हणून त्याच्या तोंडाशी लावलेला. जर्मन येऊन त्या अँप्लिफायरशेजारी मांडी घालून बसला तो पूजा संपेपर्यंत उठला नाही. भासऱ्यांनी पंखा थोडा त्याच्याकडं वळवला. एवढ्यावर दोघांची दोस्ती झाली. भाषा एकाची दुसऱ्याला येत नव्हती, पण भासऱ्यांना तशीही भाषा फारशी लागायची नाही. मिस्त्री काम आटोपून परत निघाला, तेव्हा त्यानं यांना आपल्या दोन कॅसेटी दिल्या.

भासरे घरी आले. हॅलो हॅलो झालं. मी मागे पळाले. "जर्मननं दिलं," ते अक्कांना म्हणाले. अक्का खुश. आमच्याकडे जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, मी भाकरी थापायची ती परातही जर्मनचीच. अक्का म्हणाल्या, "जर्मन दिलं? किती मोठं हाय? झाकणासकट हाय का?" भासऱ्यांनी खिशातून कॅसेट काढून दाखवली. अक्कांचं तोंड असं पडलं, की मला आत तोंडात पदर कोंबून हसावं लागलं. त्या दिवसापासून त्या कॅसेटींचं नाव जर्मन पडलं ते पडलंच.

दोन कॅसेटींपैकी पहिली त्यांनी लावली मात्र, आणि आमच्या दावणीची शेळी दावं तोडून पळाली. काय ते वाजवणं! कुणी पत्रा ओढतंय, कुणी किंचाळतंय, मध्येच काहीतरी धाडकन पडतंय. पुण्याच्या इंजिनिअरनं सांगितलं होतं म्हणे, की ही पोरं असलेच प्रयोग करतात, त्यांच्या देशात असं वाजवणारांची एक टोळीच आहे. अक्कांनी ती कॅसेट जप्त केली. पुढं ज्वारी हुरड्यात आल्यावर तिची फीत उलगडून शेतात या मेढीपासून त्या मेढीपर्यंत ताणून बांधली. वाऱ्यानं ती घुमायची आणि पाखरं कणसाला शिवायची नाहीत. "लई कामाची निघाली," अक्का मनापासून म्हणाल्या.

दुसरी कॅसेट त्याच टोळीची, पण ती वाजवताना त्यांना कुणीतरी सावलीत बसवलं असावं. ती हलकी होती. इंजिनिअर म्हणाला होता, हे त्यांचं उन्हाळ्याचं गाणं आहे, उन्हाळ्याची मजा. भासरे कितीतरी दिवस या एका शब्दावर अडून बसले होते. यांना म्हणायचे, "उन्हाळ्यात मजा? उन्हाळ्यात माणूस मजा करतो का मरतो?" आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे हापशाला घरघर लागलेली, पत्रे तापलेले, कुत्रीसुद्धा नालीत लोळत पडलेली. त्यात मजा शोधायची म्हणजे डोकं फिरलेलं पाहिजे. मग एका दुपारी ती कॅसेट ऐकता ऐकता त्यांना उलगडलं. खांबाला म्हणाले, "उन्हाळ्याचं म्हणतो, आन् ऐकलं की गार वाटतं. म्हंजे त्यायच्याकडं लोक उन्हाळ्याची वाट पाहत असतील, आपण पावसाची पाहतो तशी." मला आत भाकरी टाकता टाकता ते एकदम पटलं.

एका बाजूला तीन लहान गाणी, आणि दुसऱ्या बाजूला एकच गाणं, सगळी बाजू भरून. सुरुवातीला नुसतं पाणी हलल्यासारखं, मग कुठून तरी ढोल येतो. ढोल म्हणजे आपला हलगीसारखा अंगावर येणारा नाही. बोटांच्या टोकांनी वाजवल्यासारखा, पळता पळता हलका. तो एकदा सुरू झाला की थांबत नाही, एकच चाल धरून चालतच राहतो. त्याच्यावर एक तार वाजते. गाणारा तर असा गातो, की जणू शेजारी लेकरू निजलंय आणि त्याला उठवायचं नाही. तो काय म्हणतो ते ना त्या जर्मन मिस्त्रीला कळत होतं म्हणे, ना आम्हाला. भासऱ्यांना 'सावली, सावली' ऐकू यायचं. अक्कांना 'चावली, चावली' ऐकू यायचं.

आता परतूरच्या माणसाला एकच चाल पुन्हा पुन्हा ऐकू आली तर तो काय म्हणेल? टेप अडकली! जुन्या तबकड्या अडकायच्या, तेच तेच वाजायच्या, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळं जर्मन लागलं की जाणारा येणारा ओट्याशी थांबायचा आणि भलेपणानं आत डोकावून सांगायचा, "हॅलोभाऊ, तुमची टेप अडकली." भासरे न चिडता म्हणायचे, "अडकली न्हाई, चालून राह्यली." सकाळी दूधवाल्याला तेच, दुपारी पोस्टमनला तेच. पोस्टमन तर एकदा आत येऊन टेपच्या डोक्यात थापड मारून गेला. त्याला वाटलं उपकार केले.

यातून कुणी वाचलाच, तर पुढं दुसरी गोची होती. गाण्याच्या मध्यावर सगळं हळूहळू विरून जातं. ढोल जातो, तार जाते, नुसती पाखरं चिवचिवत राहतात. बसलेला माणूस म्हणतो, "छान होतं," आणि चपला शोधायला लागतो. भासरे हात धरायचे, "थांब की, पुढं हाय." पण तोवर तो रस्त्याला लागलेला असायचा. आणि खरी गंमत तर त्याच्या पुढंच होती. पाखरांमधून तोच ढोल परत येतो, आधीपेक्षाही हळू, आणि सगळे मिळून शेवटाकडं असे जातात, की ऐकणाऱ्याचं ओझंच उतरतं.

त्या एका शेवटासाठी हा माणूस झुरत होता. गावात कुणीतरी एकानं आपल्यासोबत बसून जर्मन शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच त्यांचं मागणं. त्यासाठी त्यांनी काय केलं नाही! न्हाव्याला घरी बोलावून दाढी करता करता ऐकवलं. त्यानं दाढी अशी घाईनं केली की गाल कापला. कॉलेजच्या एका मास्तरला भजी खाऊ घातली; तो भजी संपेपर्यंत बसला. आमचे हे तर पहिल्या मिनिटाला घोरायचे. अक्का म्हणायच्या, "मी बसते, पण माझ्या भजनाची कॅसेट लावा." भासरे नुसते हसायचे.

आणि मी? मी आत चुलीपुढं बसून दर वेळी शेवटपर्यंत ऐकत होते.

सुरुवातीला मला तरी कुठं आवडलं होतं! पण मला पर्याय काय होता? बाहेरच्या खोलीत भासरे बसलेले, त्यामुळं मला उठून बंद करा म्हणता येत नव्हतं. चपला घालून निघून जाता येत नव्हतं. चुलीवर तवा. पोस्टमन सुटला, मास्तर सुटला, मी कुठं सुटते? ऐकता ऐकता एक दिवस लक्षात आलं, की मी त्या पाखरांची वाट पाहतेय. मग ढोल परत आला की बरं वाटायला लागलं. भर वैशाखात, चुलीच्या धगीत, घाम डोळ्यांत चाललेला, आणि तो निजल्या लेकराजवळचा गाणारा सावली सावली करतोय. मी तेवढा वेळ त्या स्वयंपाकघरात नसायचीच. कुठं असायची ते मला सांगता येणार नाही, पण तिथं झाडं होती.

मी यांना एकदा म्हटलं, "सांगा ना दादांना, मी ऐकते म्हणून. शेवटपर्यंत ऐकते." हे अंथरुणात उठून बसले. "येडी का काय? भासऱ्याच्या गाण्याला भावजय कान लावून बसती, हे सांगू का मी? लोकं काय म्हणतील?" अक्कांपाशी विषय काढला, तर त्या म्हणाल्या, "तू बी बिघडली का?" झालं! माझा असा संताप व्हायचा म्हणून सांगू. घरातल्या घरात, एका भिंतीच्या अंतरावर एक माणूस ऐकणारं शोधतोय, आणि ऐकणारी भाकरी थापत बसलीय, आणि मध्ये उभी कोण, तर लोकं!

माझ्या भावाचं लग्न तीर्थपुरीला होतं. कर्णे अर्थातच आमचे. जेवणं झाली, ऊन मी म्हणत होतं, वऱ्हाड मांडवात आडवं झालं होतं. भासऱ्यांना वाटलं, हीच वेळ. सगळे निवांत आहेत, उठून जाणार कुठं? त्यांनी हळूच जर्मन लावलं. मी बायकांत बसले होते. ढोल सुरू झाला. दोन-चार जणांनी माना वर केल्या. मग माझेच चुलते, तात्या, उठले. "ओ लाऊडस्पीकर! टेप अडकली तुमची!" भासरे कर्ण्याखालून म्हणाले, "अडकली न्हाई, चालून राह्यली." पण तो आवाज कुणाला ऐकू जाणार? तात्या पुन्हा ओरडले, पोरं हसली, कुणीतरी म्हणालं मशीनच फुटकी आणली. तात्या गेले आणि सरळ वायर उपटली. सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो तात्या, थांबा की, अजून पाखरंसुद्धा आली नाहीत! पण माहेरच्या मांडवात, सासरच्या माणसांदेखत, भासऱ्यांची बाजू घेऊन भावजय उठली असती, तर त्या लग्नाची वेगळीच गोष्ट झाली असती. मी नख चावत बसले.

परत येताना टेम्पो रस्त्यात चहाला थांबला. अक्का आणि मी मागे कर्ण्यांमध्ये बसून होतो. भासरे खाली यांच्याशी बोलत होते. त्यांनी कॅसेट रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवली होती. "मला कोणाची वाहवा न्हाई पाह्यजे," ते म्हणाले. "एकानं शेवट ऐकावा. फकस्त एकानं. मंग मी कधी कोणाला म्हणायचो न्हाई." हे म्हणाले, "जाऊ द्या दादा, लोकायला न्हाई कळत." मी टेम्पोच्या फळीआड होते. हात लांब केला असता तर त्यांच्या टोपीला लागला असता. अक्कांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "डोळ्यात काय गेलं?" मी म्हटलं, धूळ.

त्यानंतरच्याच उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ, घरात भासरे आणि मी, दोघंच. अक्का शेजारी पापड लाटायला गेलेल्या. बाहेर जर्मन चाललेलं, आत मी भाकऱ्या थापतेय. पाखरं होऊन गेली होती, ढोल परत आला होता, आणि खटकन लाईट गेली. गाणं मध्येच तुटलं. घरात शांतता. आणि त्या शांततेत मलाच ऐकू आलं, की माझे हात थांबलेले नाहीत. जर्मनच्या परातीत भाकरी पडत होती ती त्याच चालीवर, थप थप थपक, थप थप थपक. किती दिवसांपासून माझे हात असे थापत होते, कोण जाणे. मला वाटतं वर्षानुवर्षं.

बाहेरून आवाज आला, अगदी हळू. "हॅलो?"

माझे हात थांबले. आता काय म्हणतील? भावजय ताल धरते म्हणून रागावतील? यांना सांगतील? मग खांबाला उद्देशून ते म्हणाले, "थांबू न्हाई म्हणावं. चालू द्या. शेवट राह्यला."

मी चालू ठेवलं. भाकरी पार फाटली, पण मी शेवटापर्यंत नेलं, जसं गाण्यात होतं तसं, हळू हळू करत. झालं आणि मी झाकण वाजवलं. बाहेर ते हसल्याचं ऐकू आलं. मोठ्यानं हसले होते. या माणसाला हसण्याचा एवढा आवाज आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात एक लहान स्पीकर येऊन बसला, तोंड चुलीकडं करून. अक्कांना सांगितलं, "बाहेर मुंग्या लागून राह्यल्या त्याला." अक्कांना वाटलं, आपल्या भजनासाठीच आणलाय, त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं. गावात लोक म्हणायला लागले, हॅलोभाऊ सुधारले, आता कुणाला धरून बसवत नाहीत. कशाला बसवतील? दुपारी जर्मन लागायचं, पाखरं यायची, जायची, शेवट व्हायचा. मी झाकण वाजवायची. बाहेरून खांबाला सांगितलं जायचं, "बराबर." एवढंच. ना मी कधी समोर गेले, ना ते कधी आत आले. पण सासरी माझं मन लागलं ते त्या 'बराबर'वर, हे आज मला सांगायला कुणाची भीती नाही.

पुढं कर्ण्यांचे दिवस गेले. लग्नात भिंतीएवढाले डबे आले, छाती हादरवणारे. राजूरच्या गणपतीला गेलो होतो तेव्हा भासऱ्यांनी तसले डबे पहिल्यांदा ऐकले आणि कानात बोटं घालून म्हणाले, "आवाज लई हाय, ऐकू काहीच येईना." एकेक करून त्यांचे कर्णे विकले गेले. टेप तेवढी ठेवली. दम्यानं छाती भरायला लागली होती. झाडावर चढणारा माणूस उंबरा चढताना थांबायला लागला. तरी दारात आल्यावर 'हॅलो हॅलो' चुकलं नाही. 'माईक टेस्टिंग'ला मात्र दम पुरेना.

इकडं दुनिया कुठल्या कुठं गेली. आज माझी सून तिच्या भासऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून भाजी आणायला जाते आणि वर त्याला म्हणते, "दादा, जरा हळू चालवा." ऐकून मला बरंच वाटतं. पण आमची रीत आम्ही दोघांनी ओढत नेली. मोडायची कशी, तेच कळत नव्हतं. इतकी वर्षं झाकण वाजवल्यावर एकदम तोंडानं बोलायचं तरी काय?

ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यातली दुपार. औरंगाबादच्या डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं होतं. बाहेरच्या खोलीत खाट टाकली होती, भेटायला येणारांची रीघ. यांनी दादांच्या हट्टापायी जर्मन लावलं. मी आत. पाखरं सुरू झाली, आणि तेवढ्यात टेपनं कॅसेट खाल्ली. घर्रर झालं आणि बंद. यांनी झाकण उघडून बघितलं तर फीत गुंतवळासारखी आत गुरफटलेली, तुटलेली. काही उपाय राहिला नव्हता.

"पुढं," भासरे म्हणाले. "पुढं... पुढं."

लोकांना वाटलं खाट पुढं सरकवायची. सरकवली. तरी तेच. कुणी म्हणालं, पुढचं कसं होणार याची काळजी वाटते बिचाऱ्याला. हे त्यांच्या पायाशी बसून सांगायला लागले, "पुढचं मी पाहतो दादा, सगळं पाहतो." भासरे मान हलवत होते, नाही, नाही. अक्का आत आल्या. इतकी खमकी बाई, पण तिचं तोंड पाहवेना. म्हणाल्या, "धाकले, ते सारखं पुढं पुढं करून राह्यले. पुढं काय? मी चाळीस वरीस संसार केला गं, मला न्हाई कळत. तुला कळतं का?"

मला कळत होतं. सगळ्या परतुरात मला एकटीला कळत होतं.

मी परात उचलली, तीच, चेपलेली, जर्मनची. पदर डोक्यावर घेतला. बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि पाय अडले. पुढं सगळं गाव बसलेलं. भासरे भिंतीकडं तोंड करून पडलेले. मी आयुष्यात त्या माणसासमोर तोंड उघडलं नव्हतं. काय म्हणून हाक मारू? मग माझ्या तोंडून आपोआप, मोठ्यानं, जे त्या दारात नेहमी म्हटलं जायचं तेच निघालं.

"हॅलो! हॅलो! माईक टेस्टिंग!"

भासऱ्यांनी मान वळवली. आम्ही एकमेकांना पहिल्यांदा नीट बघितलं. ते किती म्हातारे झाले होते! मीही झालेच होते म्हणा.

"ये, बाई," ते म्हणाले. खांबाला नाही, मला.

मी खाटेपाशी खाली बसले, परात मांडीवर पालथी घातली आणि बोटांनी वाजवायला लागले. थप थप थपक. त्यावर तोंडानं ती तार धरली, मग तो सावली सावलीवाला. गळा काही माझा चांगला नाही. सुरुवातीला आवाज फाटला, मग लागला. लोक एकमेकांकडं बघत होते. दाराशी उभी असलेली शेजारीण कुजबुजली, "धाकली अडकली का काय गं? तेच तेच वाजवून राह्यली."

भासरे डोळे मिटून म्हणाले, "अडकली न्हाई..." आणि दम संपला.

अक्का उशाशी बसल्या होत्या. ज्या बाईनं एका जर्मनची फीत पाखरांवर टाकली आणि दुसऱ्याला जन्मभर शिव्या घातल्या, ती शेजारणीकडं वळून खणखणीत आवाजात म्हणाली, "चालून राह्यली!"

कुणी उठलं नाही. पोस्टमन होता, मास्तर होता, सगळे होते. मी शेवटाकडं नेत गेले, घाई केली नाही. हळू, आणखी हळू, जसं होतं तसं. संपलं. मी हात परातीवरून उचलले आणि सवयीनं झाकण शोधायला लागले, पण झाकण तर आत चुलीपाशी राहिलं होतं.

भासऱ्यांनी हात लांब केला. खाटेशेजारी पाण्याचा तांब्या होता, त्यावर पेला पालथा घातलेला. त्यांनी तो कसाबसा उचलला आणि तांब्यावर वाजवला.